‘रु’ची गाणी

७ ऑक्टोबर २००३, मंगळवार. रेडमंड
आज पहिल्यांदा गेले. लायब्ररीच्या बोर्डावर चिठ्ठी होती: जपानी बोलणारं कुणी हवंय, आठवड्यातून दोनदा, आईशी गप्पा मारायला. शिरीषची बायको म्हणून मिळालेल्या एच-फोर व्हिसावर पगार घेता येत नाही. गप्पा मारता येतात.

फुमिको-सान. वय ७८. पन्नासेक वर्षं अमेरिकेत, नवरा इथला, तो वारला. आता वृद्धांच्या होममध्ये. वर्षभरात विसरत चालल्यात आणि सगळ्यात आधी इंग्रजी गेलं. मुलगी कॅरल बँकेत आहे. तिला जपानी येत नाही, घरात कधी बोललंच गेलं नाही म्हणे. आई समोर बसलेली आणि दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नाही.

मी जपानीत नाव सांगितलं तर बाईंनी माझा हात धरला, तो तासभर सोडला नाही. कॅरल दारातच. “व्हॉट डिड शी से?”
म्हटलं, “माझा हात गार आहे म्हणतायत.”
पुण्यात चार वर्षं कारखान्यांच्या मीटिंगांमध्ये दुभाषी म्हणून हेच केलं. समोरचा बोलला तेवढंच सांगायचं, पदरचं घालायचं नाही. इथे आल्यापासून दीड वर्षात पहिल्यांदा कुणीतरी मला काही विचारलं.

१७ ऑक्टो., शुक्र.
फु.ना (पूर्ण नाव रोज कोण लिहिणार) एक खेळ आवडतो. मी एका गाण्याचं नाव सांगायचं, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून त्यांनी दुसऱ्या गाण्याचं. आपल्या भेंड्याच, फक्त गायचं नाही. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण लहानपणची गाणी धडाधड. आणि लबाड! मुद्दाम ‘रु’वर संपणारं नाव देतात. ‘रु’वर संपणारी ढीगभर, ‘रु’पासून सुरू होणारं शोधून मिळत नाही. आपल्याकडे ‘ठ’ आला की होतं तसं. तीनदा हरले. “रु, रु,” करून बोट नाचवत होत्या.

२१ ऑक्टो.
लायब्ररीत इंटरनेटवर बसले. जपानी लोकांनी या खेळासाठी अक्षरवार याद्याच करून ठेवल्यात. ‘रु’ची अकरा उतरवून घेतली. शिरीष म्हणाला, “एम.ए.ला केला होतास का एवढा अभ्यास?”

२४ ऑक्टो., शुक्र.
अकराच्या अकरा बाद. “अशी गाणी नाहीत.” सगळी नंतरची निघाली. “मी बोटीत बसल्यावरची गाणी धरायची नाहीत.”
चिडून म्हटलं, मग तुम्हीच सांगा एक.
बोट नाचवायचं थांबवलं. मग: “रुरिकोचं गाणं.”
घरी येऊन सगळीकडे शोधलं. नाही.

४ नोव्हें., मंगळ.
विचारलं, कुणी म्हटलंय ते गाणं? “मी.” आणि म्हणाल्या. अंगाईच आहे. होड्या झोपल्या, जाळी झोपली, आता रुरिकोनं झोपायचं, एवढंच. आवाज बारीक, पण सुरात. संपल्यावर दाराकडे बघून हळूच विचारलं, “झोपली का गं रुरिको?”
कोण रुरिको, मला काय माहीत. मला कोण समजत होत्या, तेही माहीत नाही.
“हो, झोपली,” म्हटलं.
पदरचं घातलं.
बाहेर कॅरल. “व्हॉट डिड शी से?” म्हटलं, जुनी गाणी.

१८ नोव्हें.
आज फु. लख्ख होत्या. माझं नाव आठवलं, पाऊस किती दिवस चाललाय ते विचारलं. मग आपणहून सांगितलं. पाणी प्यायला दोनदा थांबल्या, बाकी सलग.
रुरिको पहिली मुलगी. तिचा बाप लढाईवरून आजारी परत आला आणि गेला. नंतर फु. अमेरिकन छावणीच्या लॉंड्रीत कामाला. तिथे कॅरलचे वडील भेटले. त्यांनी दोघींचे कागद करतो म्हटलं होतं, झाले एकीचेच. रुरिको तेव्हा पाच वर्षांची. तिला आजीकडे ठेवलं. वर्षभरात बोलावून घेते म्हणाल्या. मग कॅरल झाली, आजी वारली, पत्रं परत यायला लागली.
“झोपलेली असताना निघाले.”
मग माझं मनगट घट्ट धरून: “कॅरलला सांगायचं नाही. तिला वाटेल, मी मुलीला सोडू शकते.”
कबूल केलं.

१९ नोव्हें.
शि.ला सांगितलं. तो म्हणाला, “सांगून टाक ना यार. बहीण आहे तिची.” म्हटलं, मी शब्द दिलाय. “ज्यांना दिलास त्यांना आठवतंय का?” भांडण नाही झालं, पण ताट घेऊन तो टीव्हीसमोर गेला.

५ डिसें., शुक्र.
दर वेळी कॅरल विचारते. दर वेळी मी: गाणी. ती बिचारी कुठून तरी जुन्या जपानी गाण्यांची सीडी घेऊन आली आईसाठी. लाज वाटली.
इथे खोटं लिहून उपयोग नाही. नुसता शब्द दिला म्हणून गप्प आहे असं नाही. ही गोष्ट जगात मला एकटीला माहीत आहे, ते मला आवडतंय. इथे आल्यापासून माझं असं काही नव्हतं.

९ जाने. २००४, शुक्र.
व्हायचं ते झालं. फु. चार दिवस हाका मारतायत, नर्सला, सफाईवाल्या बाईला, सगळ्यांना. रुरिको, रुरिको. कॅरलनं मला पार्किंगमध्ये गाठलं. “हू इज रुरिको?”
गाण्यातलं नाव आहे, म्हणता आलं असतं. जिभेवर होतं.
सांगितलं. पावसात, गाडीला टेकून, सगळं. आई काय म्हणाली तेही: तिला वाटेल, मी मुलीला सोडू शकते.
कॅरल रडली नाही. “कधीपासून माहीत आहे तुला?”
“नोव्हेंबर.”
“मी तुला दर आठवड्याला विचारत होते.” मग: “प्लीज, आता येऊ नकोस.”

१३ जाने., मंगळ.
गेले नाही. दोन वाजता बूट घातले होते, काढले.

३० जाने.
तीन आठवडे. तिथे फु.शी कोण बोलत असेल? कुणीच नाही. मी फु.चा शब्द मोडला आणि कॅरलशी खोटं बोलले, दोन्ही केलं. शि. म्हणाला, फोन कर. नाही केला. काल पुण्याहून आईचा फोन आला होता, तिला म्हटलं सर्दी झालीय.

११ फेब्रु., बुध.
कॅरलचा फोन. “शी स्टॉप्ड ईटिंग. कॅन यू कम?” शि. ऑफिसातून येऊन सोडून गेला.
फु. निम्म्या झाल्यात. मला ओळखलं नाही. चमचा पुढे केला की तोंड मिटतात. जपानीत म्हटलं, दोन घास खा. कान टवकारले, डोळे नाही उघडले. चार घास घेतले. सूप.
कॅरल पलंगाच्या दुसऱ्या बाजूला. पहिल्यांदाच विचारलं नाही, काय म्हणाली. उलट म्हणाली, “तिला सांग, मला कळलंय. आणि सांग, मी रागावले नाही.”
“खरंच नाही?”
“रागावलेय. ते सांगू नकोस.”
सांगितलं तिचं वाक्य, तेवढंच. फु.नी ऐकलं का, समजलं का, माहीत नाही. हात चादरीवर चालत होता, कॅरलच्या बाजूला. कॅरलनं धरला.

२० फेब्रु., शुक्र.
कॅरलच्या घरी. तिला पत्र लिहायचंय, रुरिकोला, आईच्या गावच्या कचेरीमार्फत. रुरिको हयात असली तर ५७ वर्षांची असेल. ती इंग्रजीत सांगत गेली, मी जपानीत लिहीत गेले. एका ठिकाणी अडलो. ती म्हणाली, “लिही, आमच्या आईला तुझी रोज आठवण यायची.”
पेन थांबलं. म्हटलं, “असं त्या म्हणाल्या नाहीत. गाणं म्हणायच्या, झोपली का विचारायच्या, एवढंच माहीत आहे.”
कॅरलनं तिला न वाचता येणाऱ्या ओळींवरून बोट फिरवलं. “मग तेच लिही.”
तेच लिहिलं. एका पानात मावलं.

२ मार्च, मंगळ.
फु. थोडं खातात. बोलत नाहीत. मी बोलत बसते, भाजीचं, पावसाचं. कॅरल आता दाराशी थांबत नाही, बँकेतून लवकर निघून आत येऊन बसते.

२६ मार्च, शुक्र.
आत्ता कॅरलचा फोन. पाकीट आलंय, वर सगळं जपानी, खाली तिचा पत्ता इंग्रजीत, हातानं. आपलंच पत्र परत आलंय का उत्तर, तिला कळत नाही. “अक्षर तुझं आहे का?” विचारत होती. म्हटलं, फोनवर कसं सांगू?
“उघडलंस?”
“नाही. मला वाचता येणार नाही. आणि तू वाचशील तेव्हा मला तुझा चेहरा बघायचाय.”
उद्या नऊला येते म्हटलं. फोन ठेवल्यावर सुचलं, जाड आहे की पातळ, तेवढं तरी विचारायला हवं होतं.