प्रश्न असेल तर कोणता हात?

सोमवार, २ सप्टेंबर

झोपला! नववीचा अख्खा वर्ग डोळे उघडे ठेवून झोपला. मी फळ्यासमोर घसा फोडतेय — तिसरा अंक, द्वारपालाचं स्वगत, चाळीस ओळी. त्यातल्या बत्तीसांचा अर्थ मलाच काल गाइडमधून कळलेला. पहिल्या बाकावरच्याने जांभई दिली, ती बाकाबाकांवरून फिरत शेवटपर्यंत गेली आणि परत येऊन मलाही आली. आता बोला!

नाटक म्हणे अभिजात. असेल बापडं. शहराला वेढा पडलाय. दिवस मावळल्यावर वेस कुणासाठीही उघडायची नाही, असा हुकूम आहे. बाहेरून कोणीतरी हाक मारतं. द्वारपाल तीनदा 'कोण आहे' विचारतो, दार उघडत नाही. सकाळी वेशीबाहेर त्याचाच धाकटा भाऊ मरून पडलेला. मग ते चाळीस ओळींचं स्वगत. गोष्ट एवढीशी, पण एकेका वाक्याला सतरा गाठी.

हा वर्ग ज्यांचा, ते मिशीवाले सर (नाव मुलांनी ठेवलेलं, पण मिशी खरोखरच तशी आहे) मागे बसून वह्या तपासत होते. तास संपल्यावर म्हणाले, "मनावर घेऊ नका. मी बारा वर्षं शिकवतोय, मला तरी कुठे कळलंय?" धीर देत होते की काय, देव जाणे.

एकोणीस तारखेला निरीक्षण पाठ. बी.एड. कॉलेजच्या बाई येऊन मागच्या बाकावर बसणार, गुण देणार. गेल्या वर्षी याच पाठात मी आपटले. फळ्याकडे तोंड करून बोलत राहिले होते — वीस मिनिटं! या वेळी नापास झाले तर शिक्षक होणं विसरायचं. तिसरी संधी नसते.

बुधवार, ४ सप्टेंबर

दादा जेवताना म्हणाला, "नाहीच जमलं तर ये माझ्या दुकानात. चष्मे पुसायला माणूस हवाच आहे." त्याला वाटतं तो प्रेमाने बोलतोय. बोलतोही प्रेमानेच, म्हणून जास्त लागतं. वहिनी म्हणाली, "अहो, तिच्या ताटात पडेपर्यंत तरी थांबा, मग टोमणे मारा." हसले. आणि ताट पुढे ओढलं.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

वर्गात एक जण जागी आहे.

खिडकीकडच्या शेवटच्या बाकावरची. मुलं तिला शंकासुर म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि ती ओ देते! आज मी गाइडमधलं वाक्य फळ्यावर लिहिलं — 'द्वारपाल कर्तव्यापुढे रक्ताचं नातंही तुच्छ मानतो.' आणि ही उभी. "बाई, पण त्याला माहीतच नव्हतं ना बाहेर भाऊ आहे ते? मग नातं तुच्छ कसं मानलं?"

बरोबर आहे की! मी म्हटलं, हो, नकळत घडलं त्याच्याकडून. तर म्हणते, "नाही बाई. कळलेलं होतं त्याला. पहिल्याच हाकेला. म्हणून तर तो 'हळू बोल' म्हणतो. परक्याला कुणी हळू बोल म्हणतं का? त्याला भीती वाटत होती, बाकीचे पहारेकरी ऐकतील आणि आवाज ओळखतील. ते कर्तव्यबिर्तव्य काही नाही, बाई, घाबरट आहे नुसता. आणि मग चाळीस ओळी रडतो."

वर्ग हसला. कुणीतरी म्हणालं, "झालं, शंकासुर सुटला!" मी घड्याळ बघितलं. सात मिनिटं गेली होती. "छान, छान, बस खाली," म्हटलं आणि पुढची ओळ वाचायला घेतली.

घरी येऊन तो प्रवेश परत वाचला. 'हळू बोल' आहे. खरंच आहे! मी पाच वेळा वाचलं होतं हे नाटक. गाइडात या दोन शब्दांवर अवाक्षर नाही.

मंगळवार, १० सप्टेंबर

पाठ टाचण तिसऱ्यांदा लिहिलं. पाच मिनिटं प्रस्तावना, बारा मिनिटं वाचन, दहा मिनिटं प्रश्नोत्तरं. प्रश्न मी ठरवलेले, उत्तरंही मीच ठरवलेली. पण हात कुणी वर करेल तर शपथ.

माझ्याबरोबरची गणितवाली (तिचा पाठ गेल्या आठवड्यात झाला, उत्तम शेरा!) डबा खाता खाता म्हणाली, "वेडी आहेस. वर्गाला आधी पढवून ठेव. ज्याला उत्तर येतं त्याने उजवा हात वर करायचा, ज्याला येत नाही त्याने डावा. सगळे हात वर! तू फक्त उजव्यांना विचार. सगळेच करतात गं."

सगळेच करतात. मग मीच कोण मोठी हरिश्चंद्र लागून गेले?

शुक्रवार, १३ सप्टेंबर

आज तालीम केली. वर्गाला हा खेळ भयंकर आवडला. पहिल्यांदाच त्यांना नाटकात रस वाटला — माझ्या! सटासट हात वर. उजवे नऊ, डावे एकतीस.

आणि शंकासुर उभी राहिली. अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं, "बाई, प्रश्न असेल तर कोणता हात?"

वर्ग फुटलाच हसून. मीही हसले. मग डोक्यात आलं. निरीक्षणाच्या दिवशी ही उभी राहिली, 'हळू बोल' काढलं, माझी दहा मिनिटं तिथेच खाल्ली, आणि बाईंनी मला उलट काही विचारलं तर? मी म्हटलं, "प्रश्न असेल तर हात खाली. गुरुवारपुरता. जमेल ना?"

ती "हो बाई" म्हणून बसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

गुरुवार, १९ सप्टेंबर

जमलं! जमलं! जमलं!

चाळीसातले एकोणचाळीस हात वर. माझा आवाज कापला नाही, खडू मोडला नाही, फळ्याकडे पाठ करून उभी राहिले. मी उजव्यांनाच विचारत गेले, उत्तरं धडाधड. कॉलेजच्या बाई मान डोलावत लिहीत होत्या. मिशीवाले सर तर चाटच पडले.

मग वर्गातच, टेबलापाशी, चर्चा झाली. मुलं मधल्या सुट्टीला पळाली होती. बाई म्हणाल्या, "सहभाग फार चांगला. फक्त ती खिडकीजवळची मुलगी पूर्ण तास मांड्यांखाली हात घालून बसली होती. ती का गप्प होती?"

मी म्हणाले, "ती जरा कच्ची आहे, बाई."

एका श्वासात म्हणाले. विचार नाही, आवंढा नाही. बाईंनी 'बरं' म्हटलं आणि वही मिटली. मिशीवाले सर म्हणाले, "असं होय? मला वाटायचं नुसती बडबडी आहे."

दादा मिठाई घेऊन आला. मी दोन तुकडे खाल्ले.

शुक्रवार, २० सप्टेंबर

दुसरं काही म्हणता आलं असतं. 'बरं नाहीये तिला.' 'लाजते.' कितीतरी होतं.

मंगळवार, २४ सप्टेंबर

शिक्षकांच्या खोलीत मिशीवाले सर यादी करत बसले होते. दहावीसाठी वर्ग वेगळे होतात: एक पूर्ण पेपरचा, त्यात नाटक, काव्य सगळं. दुसरा सोप्या पेपरचा, त्यात अर्ज, पत्रं आणि सारांश. सोप्यात गेलेल्याला पुढे साहित्य घेता येत नाही. दार तिथेच बंद! नुसतं पास होऊन बाहेर पडायचं.

सोप्याच्या यादीत अकरावं नाव तिचं. मी विचारलं, "हिचं कसं काय?" सर म्हणाले, "काठावर होती. लिहिण्यात भरकटते, विचारलेलं सोडून भलतंच लिहिते. पण तुम्ही त्या दिवशी म्हणालात ना, कच्ची आहे. मग म्हटलं, कशाला पोरीला ओझं?"

सरांनी पेनाला टोपण लावलं.

गुरुवार, २६ सप्टेंबर

आज सांगायचंच म्हणून गेले. ताकाला जाऊन भांडं लपवलं. हवापाण्यापासून सुरुवात केली, वह्यांवर आले, मग म्हटलं, "सर, ती मुलगी तशी बरी आहे हं, नाटक कळतं तिला." सर म्हणाले, "मग त्या दिवशी गप्प का होती?"

आता इथे काय सांगू? की मीच तिला हात खाली ठेवायला सांगितलं? मग पुढचा प्रश्न — बाकीच्यांचे हात कसे वर होते? आणि मग शेरा गेला, पाठ गेला, वर्ष गेलं, दुकानात चष्मे पुसत बसा.

"घाबरली असेल," म्हटलं. सर म्हणाले, "यादी अजून मुख्याध्यापकांकडे गेलेली नाही. तसं असेल तर लेखी द्या, बदलतो. उद्यापर्यंत." मी म्हटलं, "देते उद्या."

सोमवार, ३० सप्टेंबर

दिलं नाही. शुक्रवारी डोकं दुखत होतं. म्हणजे दुखतच होतं, खोटं नाही. यादी गेली.

वर्गात आज चौथा अंक. मीच मुद्दाम विचारलं, "द्वारपाल दुसऱ्या पहारेकऱ्याला खोटं का सांगतो?" आणि खिडकीकडे बघितलं. ती वहीत समास आखत होती. पट्टी ठेवून, व्यवस्थित, एकामागून एक पानं. मी नावाने हाक मारली. उठली. "माहीत नाही, बाई." बसली.

एरवी तिच्या प्रश्नांनी माझी मिनिटं जायची म्हणून मी चडफडायचे. आज दहा मिनिटं आधीच शिकवायचं संपलं. मग मुलांना म्हटलं, वाचत बसा. कुणीच वाचत नव्हतं.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

तिची आई आली होती. शिवणकाम करते, ब्लाउजच्या बाहीला टोचलेल्या टाचण्या तशाच होत्या. यादीच्या कागदावर सही करायला बोलावलेलं. मला वाटलं भांडायला आली. मी तयारीतच होते. खरं तर मला ते हवंच होतं.

ती म्हणाली, "तुमचे आभार मानायचे होते. आम्ही अडाणी माणसं, आम्हाला वाटायचं पोरगी हुशार आहे. घरी सारखं हे असं का, ते तसं का. मी शिवता शिवता ऐकायची, मला वाटायचं केवढं डोकं आहे! उगाच मोठी स्वप्नं बघत बसलो असतो. तुम्ही वेळेवर सांगितलंत."

"मी — कधी सांगितलं?"

"तीच सांगत आली ना. डबा विसरली होती, घ्यायला परत वर्गात येत होती, तर दारातून ऐकलं. घरी येऊन म्हणाली, आई, बाई म्हणाल्या मी कच्ची आहे. नाटकाच्या बाईच म्हणाल्या, म्हणजे खरंच असणार."

म्हणजे खरंच असणार! इतका विश्वास माझ्यावर अजून कुणी टाकलेला नाही. दादानेसुद्धा नाही.

मी काहीतरी पुटपुटले. माझ्या तोंडून 'मी खोटं बोलले' एवढे तीन शब्द आले नाहीत. सही करून ती गेली. शिवायचं काम राहिलं होतं म्हणाली.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

घाबरट आहे नुसती. आणि मग पानं भरभरून रडते.

सोमवार, ७ ऑक्टोबर

सकाळी लिहिलं. पाठ टाचणाच्याच कागदावर, चांगल्या अक्षरात. उजवा हात, डावा हात, हात खाली, सगळं. ती मुलगी वर्गातली सगळ्यात जागी विद्यार्थिनी आहे, नाटकातली जी गोष्ट मला कळली नाही ती तिने मला दाखवली, आणि मी माझ्या गुणांसाठी तिला कच्ची म्हटलं. खाली सही. एक प्रत मुख्याध्यापकांना, एक कॉलेजच्या बाईंना.

गणितवालीला दाखवलं. ती पांढरीफटक. "अगं, वरातीमागून घोडं! आता याने काय होणार? माझं नाव घातलं नाहीस ना?" नाही घातलं. तिने सुचवलं होतं, केलं मी.

वहिनीला सांगितलं. तिने परातीतलं पीठ मळता मळता सगळं ऐकलं. म्हणाली, "उशीर केलास." एवढंच. मग थोड्या वेळाने, "पण दे."

दुपारी दिलं. मन हलकं झालं. यादी बदलायला अजून वेळ आहे, असं मुख्याध्यापक म्हणाले. मुलीला बोलावून विचारू म्हणाले. आनंद वाटला! किती दिवसांनी. ती परत येईल. मी नसेन त्या वर्गावर, पण ती असेल.

बुधवार, ९ ऑक्टोबर

कॉलेजचा निरोप आला. पाठ रद्द, वर्ष गेलं. त्याचं काही नाही.

मुख्याध्यापकांनी तिला माझ्यासमोर बोलावलं. माझं पत्र वाचून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. म्हणाले, "चूक बाईंची होती. तुला पूर्ण पेपरच्या वर्गात घेतोय."

ती म्हणाली, "नको, सर."

मी म्हटलं, "अगं, मी खोटं बोलले होते! तुला कळतं ते नाटक. 'हळू बोल' तूच तर —"

तिने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. समजूत घालत होती माझी.

"नाही, बाई. ते मी उगाच बोलायचे."