मोगरा खुडणारी आई

मंगळवार, संध्याकाळ. एव्हरशाईन सिटी.

गुडघा आज जरा बरा आहे. मन नाही.

फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली, "काकू, कमरेतून वाकू नका. पाठ सरळ, गुडघे सैल, खुब्यातून वाका." तिने करून दाखवलं आणि मी बघतच राहिले. ही तर आई! नंदाखाल गावातल्या आमच्या वाडीत पहाटे मोगरा खुडताना ती अश्शीच वाकायची. पाठ ताठ, कुल्ले मागे. आम्ही बहिणी 'बदक, बदक' म्हणून हसायचो. "हसा गं, तुमच्या कंबरा बोलायला लागल्या की कळेल," म्हणायची. म्हातारपणीही ओटीभर कळ्या खुडायची ती. आणि मी? सगळी नोकरी खुर्चीत पोक काढून केली. तेव्हाच तिच्या शेजारी उभी राहून शिकले असते तर?

येताना मूठभर मोगऱ्याच्या कळ्या घेतल्या. हॉलमध्ये फरशीवर पसरल्या आणि आईसारखी वाकून एकेक वेचत बसले. हे आतून आले, म्हणाले, "काय हरवलंय गं?"

मी पुढची कळी उचलली. एक कळी सोफ्यापाशी राहिली होती. ती मुद्दाम तशीच ठेवली आहे. उद्या परत वाकायला.