आपल्याच हवेतली वाफ

मंगळवार, संध्याकाळ

त्या दूरच्या ग्रहावर मला सापडलेलं पाणी आपल्याच आभाळातलं निघालं. दुर्बीण आपल्या हवेतून बघते, म्हणून ज्या रात्री ग्रह बघितला त्याच रात्रीची हवेतली वाफ मोजणीतून वजा करायची असते. मी आदल्या रात्रीची वजा केली. आदल्या रात्रीची! वेधशाळेतल्या सरांनी आज दुपारी चूक दाखवली.

घरी आलो तर आबा शेजाऱ्यांना सांगत होते, "माझ्या पोरानं ग्रहावर पाणी हुडकलंय की!"

डोकं फिरलं. तांब्या उचलून भिंतीवर हाणला. भिंतीवरच हाणला होता ना मी? तो उसळून आबांच्या कपाळावर बसला. भुवईवरून रक्त गळायला लागलं. शेजाऱ्यांनी माझी कॉलर धरली, दोन थोबाडीत दिल्या.

"सोडा त्याला," आबा म्हणाले. मग कपाळ दाबून धरत हळूच विचारलं, "पाणी न्हाय व्हय रं तिथं?"