घडी न मोडलेली साडी

रुद्रेश,

तुझी आई गेल्याचा इस्पितळातून फोन आला, तेव्हा तू वास्कोला ड्युटीवर होतास. घरात मी आणि सेजल दोघंच. सवाष्णीला हिरवी साडी नेसवून पाठवायचं असतं, आणि दुकानं तर उघडली नव्हती. सेजल आत गेली आणि लग्नानंतर तू तिला आणलेली साडी घेऊन आली. तिची घडीसुद्धा मोडली नव्हती. मला म्हणाली, "बाबा, त्यांना सांगू नका. हौसेनं आणलेली." त्या दिवशी तुला डोळ्यांपुढचं काही दिसत नव्हतं, म्हणून तू साडी ओळखली नाहीस.

हीच साडी बघून तुझी आई हसली होती, "हा कसला रे हिरवा, गाय मागे लागेल हिच्या." शेवटी तीच नेसून गेली.

परवा तू सेजलला म्हणालास, "साडी माहेरी दिलीस ना? सांगून टाक." साडी कुठे गेली ते न सांगताच ती माहेरी, मांद्र्याला निघून गेली. मी तिला शब्द दिला होता, तो आज मोडतो आहे.

उंडे पाव पिशवीत आहेत, माशाचं हुमण गरम करून घे. मी शेतावर जातो. रात्रपाळी करून आलास, आधी झोप, लगेच स्कूटर काढू नकोस.

तिला आणायला मी गेलो असतो. पण माझ्याबरोबर सून परत येईल, तुझी बायको नाही. मांद्र्याला तुलाच जायचं आहे, आणि ते अजून राहिलं आहे.

बाबा