रुईची पाने खाल्लेलीच असू द्यावीत

मी, सत्यभामाबाई, वय अठ्ठेचाळीस, राहणार अमडापूर, तालुका चिखली, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. अक्षर वाकडे आले असेल तर तो हाताचा दोष. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात घरामागचे आवार मी माझे दीर अर्जुनराव यांना दिले होते.

कारण नमूद करते. आवारातली रुई मी फुलपाखरांसाठी लावली. केशरी फुलपाखरू तिच्यावर अंडी घालते, अळ्या तिचीच पाने खातात. शुक्रवारी मी कीर्तनाला गेले असता अर्जुनरावांनी तिच्यावर कपाशीवरच्या किडीची पावडर मारली. शनिवारी सकाळी पट्ट्यापट्ट्यांच्या साऱ्या अळ्या मातीत पडलेल्या. एक अजून डोके उचलत होती. मी तिच्याशेजारी बसले, ती शेजारीण गोजरबाईने हात धरून उठवीपर्यंत.

"वैनी, म्या चांगल्यासाठीच केलं," दीर म्हणाले. "मारुतीले भोकाच्या पानायची माळ घालाव काय?"

"काऊन हो भाऊजी," गोजरबाई म्हणाली, "मारुतीनं तुमच्यापाशी तक्रार केली होती काय?"

दीर पावडरीचा डबा उचलून निघून गेले. वाद अर्धवट सोडून जाणे त्यांच्या हयातीत प्रथमच घडले.

सबब, दोन खोल्यांचे घर व शिवणयंत्र माझी बहीण मनकर्णाबाई हिला. यंत्र उसने नेऊन सुई मोडून आणणाऱ्यांना ते पुन्हा देऊ नये. नावे ती जाणते.

आवार गोजरबाईला. तिने रुई पुन्हा लावावी. गोडलिंब आणि लिंबू काळ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्यांसाठी आहेत. फोडणीपुरतीच पाने तोडावीत. झेंडू, सदाफुली मधासाठी राहू द्यावी. पण नुसती फुले लावून मिरवू नये. थोरांना पंगतीला बोलवायचे आणि त्यांची लेकरे दाराबाहेर उपाशी ठेवायची, असली यजमानी या गावात पुष्कळ आहे. पावडर आवारात येता कामा नये, देवाच्या नावानेही.

अर्जुनरावांच्या भक्तीबद्दल तक्रार नाही. रुई बांधाबांधावर फुकट उगवते. माळेसाठी तिथली तोडावी. त्यांना मी काही ठेवलेले नाही.

ज्याला काही मिळायचे आहे तो साक्षीला नको, असे वकिलांनी बजावले आहे. त्या अटीत अर्जुनराव आता चोख बसतात.

लिहून देणार : सत्यभामाबाई (सही)

साक्षीदार : अर्जुनराव, दीर (सही)
पुंजाजी, शेजारच्या गल्लीतले (अंगठा)

अमडापूर, रविवार, १३ सप्टेंबर १९६४