टँकमधलं मीठ

५ एप्रिल १९८१, रविवार
गंगापूर रोडच्या आमच्या कॉलनी क्लबच्या स्विमिंग टँकचं पाणी आजपासून माझ्या ताब्यात. कॉलेजात केमिस्ट्रीचा डेमॉन्स्ट्रेटर असल्याचा अखेर कुणाला तरी उपयोग. सौ. फार खूश. बायकांसाठी दुपारचा एक तास नुकताच मंजूर झालाय, ती पोहायला शिकतेय. पोशाख स्वतः शिवलाय. निळा, पांढऱ्या पट्टीचा. म्हणाली, मे संपायच्या आत काठ सोडून पलीकडे जाऊन दाखवते. मी हसलो. मनात.

८ एप्रिल
साडू ऑस्ट्रेलियाहून आलेत. म्हणाले, तिकडे टँकमध्ये मीठ घालतात, डोळे झोंबत नाहीत. डोक्यात लख्ख प्रकाश! मिठात क्लोरीन असतोच. मग ब्लीचिंग पावडर हवी कशाला? ते पुढे कसल्याशा मशीनचं सांगत होते, पण तोवर माझा बेत पक्का झाला होता.

११ एप्रिल
जाडं मीठ ओतलं. पोतीच्या पोती. टँकवरचा मल्हारी म्हणाला, सायेब, लय झालं, लोणचं घालायचं हाय का? त्याला सोडियम क्लोराइड समजावलं. पावडर बंद. कमिटीला निकाल आल्यावरच सांगायचं. संशोधन असंच करतात.

१५ एप्रिल, सकाळ
पाणी किंचित हिरवट. झाडाची सावली असावी.

संध्याकाळ
टँकजवळ झाड नाही.

१८ एप्रिल
पायऱ्या बुळबुळीत. आणखी मीठ घातलं.

२१ एप्रिल
कमिटीची मीटिंग. सेक्रेटरी म्हणाले, बायका यायला लागल्या आणि पाणी नासलं, डोक्यावर तेल थापून उतरतात. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, केमिस्ट म्हणून. मी म्हणालो, तेल हा एक घटक असू शकतो. शास्त्राच्या दृष्टीने यात खोटं काहीच नाही. बायकांचा तास तूर्त बंद. घरी जेवण गेलं नाही.

२२ एप्रिल
सौ.ने शिकेकाईने दोनदा केस धुतले. म्हणाली, अहो, आमच्या तासाच्या शकुबाईंनी तर तेलाची बाटलीच देऊन टाकली, आता तरी तास सुरू करतील ना? मी पेपरात डोकं घातलं. पेपर कालचा होता. स्वतःची फार लाज वाटली. उद्या सेक्रेटरींना सगळं सांगणार.

२३ एप्रिल
सेक्रेटरी देवळ्याला गेलेत. सुटलो. म्हणजे, नाइलाज झाला.

२४ एप्रिल
आले. पण दमलेले वाटले.

२६ एप्रिल
बोलण्यापेक्षा कृती बरी. साफसफाईच्या नावाखाली टँक उपसला. ताजं पाणी, पुन्हा ब्लीचिंग पावडर. पाणी निवळलं की तास आपोआप सुरू होईल. कुणाला काही सांगायलाही नको.

३० एप्रिल
तळाच्या फरश्या स्वच्छ दिसतात! मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी मला हार घातला. म्हणाले, पाहिलंत, बायका बंद केल्या आणि पाणी कसं निवळलं! तास कायमचा रद्द. मी सांगायला उठलो. सगळ्यांना वाटलं, आभार मानतोय.
मानले.

३१ मे, रविवार
आज सौ.ला सगळं सांगायचंच, असं ठरवून उठलो. आधी स्कूटर पुसून घ्यावी म्हटलं. फडकं मागितलं. तिने आणून दिलं. निळं होतं, पांढऱ्या पट्टीचं. मी बघतच राहिलो. ती म्हणाली, घ्या ना, पाणी छान टिपतं.
स्कूटर दोनदा पुसली.