कोलोमानकाकांची कॉलसाइन

इद्रिया,
१४ सप्टेंबर १९९७

चि. बोगदान यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पाहून तुला वाटेल, ताईचा फोन बिघडला. फोन धडधाकट आहे. पण तो स्वयंपाकघरात आहे आणि बाबा समोरच्या बाकावर बसून माझे ओठ वाचतात. कान गेले तसे त्यांचे डोळे दुप्पट तेज झालेत. त्यांच्यापासून काही लपवायचं तर कागदच बरा.

बातमी वाईट आहे. आपले कोलोमानकाका गेले. तिकडे मुर्स्का सोबोताजवळच्या त्यांच्या द्राक्षमळ्यात, काम करता करताच. त्यांच्या मुलीने मला शाळेत फोन केला. मी पोरींना लेस विणायला शिकवत होते. नंतर दिवसभर एक धागा धड बसला नाही. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. वसंतात त्यांचं हृदय कसं दगा देऊ पाहत होतं ते तुला ठाऊक आहे. मनाला धक्का लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि त्यांना उरलेला मित्र हा एवढाच. सैन्यात दोघे बिनतारी खात्यात होते, तेव्हापासून रोज संध्याकाळी यांचं गूळपीठ. आधी मोर्सची टिकटिक चालायची. खाणीतल्या कंप्रेसरने बाबांचे कान खाल्ले तेव्हा दोघे पॅकेट रेडिओवर आले. इकडे टाइप करायचं, ते हवेतून जाऊन तिकडच्या पडद्यावर उमटायचं. बहिऱ्या माणसासाठी याहून चांगली गप्पांची सोय कोणी काढली नसेल.

जुलैत वीज पडली आणि बाबांचा कॉम्प्युटर जळाला. तेव्हापासून दोघांची गाठ नाही. पत्र लिहायला कोलोमानकाका पहिल्यापासून आळशी, त्यामुळे बाबांना शंका आलेली नाही. आता रेडिओ क्लबवाल्यांनी एक वापरलेला कॉम्प्युटर आणून दिलाय, त्यात लिनक्स घातलंय, पण तो आणि रेडिओ एकमेकांना ओळखच देत नाहीत. बाबा रोज माझ्या मागे लागतात की मला कोलोमानशी बोलायचंय.

हे काम तुझं. पण ते तुला सांगणार नाहीत, आणि तू विचारणार नाहीस. आईच्या दफनानंतरच्या जेवणात तू टेबलाच्या त्या टोकाला बसून मामाच्या कानात म्हणालास, की घरात ऐकू येणारं कोणी असतं तर आई अंगणात पडल्या पडल्या वाचली असती. तू कुजबुजलास. पण बाबांसमोर कुजबुजणं आणि ओरडणं एकच रे. त्यांनी अक्षर न् अक्षर वाचलं. त्याला दोन वर्षं झाली. तुझं बोलणं मी समजू शकते, बाबांचं गप्प बसणंही समजू शकते; मधल्या मध्ये माझं भरीत होतं ते मात्र कोणाला समजत नाही.

तर लेस शिकवणाऱ्या बाईला कळेल अशा भाषेत लिहून पाठव. आणि कोलोमानकाकांचं बाबांना कसं सांगू, तेही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
नेझाताई


मारिबोर,
२१ सप्टेंबर १९९७

ती. नेझाताईस,
शि. सा. न. वि. वि.

कोलोमानकाकांचं वाचून सुन्न झालो. मला मोर्स त्यांनी शिकवलं. दर उन्हाळ्यात यायचे, भोपळ्याच्या बियांच्या तेलाची बाटली आणायचे आणि पहिल्या दिवशीच ती बाबांच्या नकाशांवर सांडायचे.

आता काम. ड्रायव्हर म्हणजे दुभाषी समज. कॉम्प्युटर आणि रेडिओमधल्या त्या दिवेवाल्या डब्याचं बोलणं तो कॉम्प्युटरला समजावून देतो. लिनक्समध्ये हौशी रेडिओसाठी असा दुभाषी आहे, पण क्लबवाल्यांनी घातलेल्या लिनक्सच्या गाभ्यात तो घेतलेलाच नाही. म्हणून गाभा नव्याने बांधावा लागेल. सोबतच्या कागदावर आज्ञा क्रमाने लिहिल्यात. कॉम्प्युटर शेकडो प्रश्न विचारेल. जिथे मी खूण केलीय तिथेच हो म्हण, बाकी जे आहे ते राहू दे. जास्त उत्साह दाखवू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

मग एका फाइलीत एक ओळ लिहायची: पोर्टचं नाव, बाबांची कॉलसाइन (परवान्यावरचं त्यांचं हवेतलं नाव), वेग. शेवटी एक आकडा द्यायचा आहे, तो नीट समजून घे. बोलायला लागण्याआधी रेडिओला जागं व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ नुसता सूर जातो, अक्षरं मागून निघतात. तो वेळ किती, हे या आकड्याने ठरतं. नव्या यंत्रांना क्षणभर पुरतो, बाबांच्या म्हाताऱ्या यंत्राला जास्त दे.

हे सगळं होईल ग. पण झाल्यावर ते हाक कोणाला मारणार? ताई, आधी त्यांना सांग. मी हे सांगायला लायक नाही, पण सांग.

आशीर्वाद असू द्यावा.

तुझा,
बोगदान


इद्रिया,
५ ऑक्टोबर १९९७

चि. बोगदान यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

झालं! गाभा बांधायला कॉम्प्युटरने अख्खा रविवार घेतला. तोवर माझी एक टेबलाची झालर विणून झाली, त्यामुळे दोघांत जास्त काम कोणी केलं ते तूच ठरव. मग तो बाबांची कॉलसाइन घेईना. मी तुला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. शेवटी बाबांनी पडद्यावर बोट ठेवलं: मी बारीक लिपीत लिहिली होती, ती मोठ्या लिपीतच लागते. हे तुझ्या कागदावर नव्हतं, शहाण्या.

डब्यावरचा दिवा लागला तेव्हा बाबांनी माझा हात दाबला. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

आणि मग ते कोलोमानकाकांना हाका मारत बसले. रोज संध्याकाळी बसतात. हाक जाते, उत्तर येत नाही, यंत्र ठराविक वेळा प्रयत्न करून हात टेकतं, बाबा परत हाक मारतात. काल मी झ्लिक्रोफी केल्या होत्या. पिठाच्या पारीत बटाट्याचं सारण, वर मटणाचा रस्सा, सगळं त्यांच्या आवडीचं. ताट थंड झालं. तीन वेळा मी सांगायला म्हणून खोलीत गेले आणि तीन वेळा जळण घालून परत आले. मला नाही जमत. ते सांगताना मला आईचा चेहरा दिसतो आणि वाटतं, आता हेही जातील.

बोगदान, तुझ्याकडे रेडिओ आहे. कोलोमानकाका कसे लिहायचे ते तुला माहीत आहे. एकदाच उत्तर दे. त्यांच्या नावाने. जरा ताकद आली की मी सांगेन, शपथ. नाही म्हणू नकोस रे, तुझ्या ताईला दुसरं कोण आहे.

नेझाताई


मारिबोर,
१९ ऑक्टोबर १९९७

ती. नेझाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी तुला खरमरीत उत्तर लिहिलं होतं. ते फाडलं. आम्हा रेडिओवाल्यांत दुसऱ्याची कॉलसाइन वापरणं म्हणजे दुसऱ्याच्या घराची पाटी काढून आपल्या दारावर लावणं. आणि मेलेल्याची वापरणं, त्याला तर शब्दच नाही. परवाना जाईल ते जाऊ दे, क्लबात तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

तरी केलं. फाइलीतल्या त्या ओळीत माझी कॉलसाइन पुसली, काकांची लिहिली. एवढ्याने मी कोलोमानकाका झालो. गुडघ्यांची तक्रार केली, कोंबड्यांना आणि मंत्र्यांना एकाच वाक्यात शिव्या दिल्या, इतके दिवस वादळात अँटेनाचा खांब पडला होता म्हणून सांगितलं. बाबांनी बराच वेळ काही लिहिलं नाही. मग आलं, की बरं झालं आलास.

एकदाच म्हणून बसलो आणि आता रोज बसतो. दोन वर्षांत बापाशी बोललो नाही तेवढं या पंधरवड्यात बोललोय, तेही दुसऱ्याच्या तोंडाने. ते तुझ्याबद्दल सांगतात, तुझ्या हातच्या रश्श्यात मीठ कमी असतं हेही सांगतात. आणि गुरुवारी त्यांनी आपण होऊन आईचा विषय काढला.

त्या दिवशी ते खिडकीकडे पाठ करून रेडिओच्या तारांना डाग देत बसले होते. म्हणून अंगणात पडलेली आई दिसली नाही. तेव्हापासून ते खिडकीकडे पाठ करून बसत नाहीत आणि थंडीतही एक झडप उघडी ठेवतात. बहिऱ्याने झडप उघडी ठेवून काय होणार, हे आपल्यालाही कळतं, असं त्यांनी लिहिलं. नेझा वाऱ्यावरून रागावते, तिला कारण सांगितलेलं नाही. आणि पुढे लिहिलं, की पोरगा म्हणाला ते खरंच आहे.

ताई, कोलोमानकाका काय म्हणाले असते? मी टाइप केलं, पोरगा गाढव आहे. उत्तर आलं, की गाढव नाही, आईवेडा आहे.

मी यंत्र बंद केलं आणि हुंदके देऊन रडलो. हे आता थांबवताही येत नाही आणि चालवताही येत नाही. तू शपथ घेतली होतीस. सांग त्यांना लवकर.

लोभ ठेव, रागवायचं तर पुढच्या पत्रात रागव.

तुझा,
बोगदान


इद्रिया,
२ नोव्हेंबर १९९७

चि. बोगदान यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

उघड्या झडपेवरून मी त्यांना काय काय बोलले असेन! आता स्वतःच जाऊन ती नीट अडकवून उघडी ठेवते.

काल सर्व संतांचा दिवस. तू आला नाहीस, ते मामांनी तीनदा आणि मामींनी सहा वेळा बोलून दाखवलं. आईच्या कबरीवर शेवंती ठेवली, दिवे लावले. बाबा चढ चढून स्वतः आले. परतताना मधल्या मोठ्या क्रूसापाशी थांबले आणि खिशातून आणखी एक मेणबत्ती काढली. तिथे आपण दूर पुरलेल्यांसाठी लावतो, म्हणून विचारलं कोणासाठी, तर म्हणाले, खाणीतल्या जुन्या सोबत्यांसाठी. बराच वेळ टोपी हातात धरून उभे होते. गार वारा होता. मी हात धरून त्यांना आणलं.

बाकी तब्येत उत्तम. जेवण दुपटीने वाढलंय, काल तर मागून घेतलं. हा तुझ्या नाटकाचा गुण. म्हणून म्हणते, नाताळपर्यंत चालू दे. मी शपथ मोडतेय हे मला कळतं. पण माणूस जेवतंय, हसतंय. खरं सांगून कोणाचं भलं होणार आहे? हे संपवायचं कसं ते मला माहीत नाही, आणि खरं सांगू, संपवावंसंही वाटत नाही.

थंडी वाढलीय, गळा झाकत जा. आठवण असू दे.

नेझाताई


इद्रिया,
९ नोव्हेंबर १९९७

चि. बोगदान यास,
अनेक आशीर्वाद.

पत्ता नेझाच्या कपाटातून घेतला. तुझी पत्रं तिथेच होती, ती वाचलेली नाहीत. गरज नव्हती.

कोलोमानचं यंत्र सैन्याच्या भंगारातलं होतं. ते जागं व्हायला वेळ घ्यायचं, म्हणून त्याने तो आकडा मोठा ठेवला होता. त्याची पाळी आली की माझ्या डब्यावरचा लाल दिवा लागायचा, मी एक घोट घ्यायचो, मग अक्षरं उतरू लागायची. इतकी वर्षं असंच. त्या पहिल्या संध्याकाळी दिवा लागला आणि लगेच अक्षरं धावत आली. नवं यंत्र. कोलोमान आणि नवं यंत्र! तो बूट नवे घेत नव्हता. कोंबड्या, गुडघे, मंत्री सगळं बरोबर होतं. त्याला इतका ओळखणारा, नवं यंत्र बाळगणारा आणि अशा घाईने टाइप करणारा माणूस मला एकच माहीत आहे. त्याला मीच कळफलकावर बसवलं होतं.

तेव्हा कळलं की कोलोमान गेला. माझं हृदय थांबलं नाही. डॉक्टरला कळव.

नेझा दारात उभी राहून माझं तोंड बघत होती. मी लिहिलं, बरं झालं आलास. ते त्याला नव्हतं, तुला होतं. आईचं लिहिलं तेही तुलाच. समोर असतास तर मी कधी बोललो नसतो, तूही ऐकलं नसतंस. म्हणून मी नाटक चालू दिलं. यात माझाही स्वार्थ होता, तेव्हा तुम्हा दोघांनाच दोष देत नाही.

पण बोगदान, माझा मित्र गेला आहे. आणि मला ते घरात कोणाला दाखवता आलं नाही. काळा कोट घालता आला नाही. त्याच्या मुलीला दोन ओळी लिहिता आल्या नाहीत. मेणबत्ती लावली तीसुद्धा खोटं सांगून. नेझाला बरं वाटावं म्हणून पोटात जागा नसताना मी वाढून घेत होतो आणि घास फिरत होता. तुम्ही माझं मन जपत होता, मी तुमचं. त्यात त्या बिचाऱ्यासाठी या घरात कोणी रडलंच नाही.

आता ती ओळ बदल. कोलोमानची कॉलसाइन काढ, त्याला झोपू दे. तुझी लिही. तुझ्या कॉलसाइनने हाक मारलीस तर मी उत्तर देईन, इतकं तुला कळलं असेलच. पण त्याच्या आधी तू इथे ये. शनिवारची बस दुपारी येते. नेझाला मी आज संध्याकाळी सगळं सांगतो, ती आधी ओरडेल, मग जेवायला काय करू विचारेल.

कोलोमानसाठी रडायचं राहिलं आहे. तुझ्या आईसाठीही आपण एका खोलीत बसून रडलो नाही. एकट्याने ते होत नाही, मी करून पाहिलं.

तुझा,
बाबा